तिसरा जोड

माझ्या वहिनीला तिच्या कारखान्यात सगळे 'उलटा फर्मा' म्हणतात. तोंडावर म्हणतात, आणि तीही ओ देते. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा माझं डोकं फिरलं होतं. माझं डोकं तसं लवकर फिरतं. मी बसवर कंडक्टर आहे. दिवसभर 'पुढे सरका, पुढे सरका' करून माझा आवाज आणि स्वभाव दोन्ही कायमचे चढलेले आहेत. दादा म्हणतो, हिला घरातसुद्धा घंटी बसवली पाहिजे. तर मी त्या कारखान्याच्या मिस्त्रीला चांगली झापणार होते, पण वहिनीच म्हणाली, "राहू द्या वन्सं. नाव काही खोटं नाहीये."

वन्सं म्हणजे मी, तिची नणंद. आजकाल कोणी असं म्हणत नाही, हे तिलाही ठाऊक आहे. मला चिडवायला म्हणून ती म्हणते, आणि वर 'अहो-जाहो' करते. मी तिच्यापेक्षा लहान आहे आणि तिला सरळ अगं-तुगं करते.

ती पुस्तकं बांधण्याच्या कारखान्यात आहे. छापखान्यातून मोठाले कागद येतात, एकेकावर सोळा पानं छापलेली. त्याच्या घड्या घातल्या की जो गठ्ठा होतो तो फर्मा. असे फर्मे ओळीने लावायचे, शिवायचे, पाठीला खळ लावायची, पुठ्ठा चढवायचा आणि कडा कापायच्या, की झालं पुस्तक. लांब टेबलावर फर्म्यांच्या थप्प्या मांडलेल्या असतात आणि बायका टेबलाभोवती फेऱ्या मारत प्रत्येक थप्पीतला एकेक उचलतात. वहिनी तिथे अगदी नवी होती. जेवणाच्या सुट्टीनंतर तिने थप्प्या नव्याने भरल्या, आणि चौथ्याच्या जागी पाचवी ठेवली, पाचव्याच्या जागी चौथी. मिस्त्रीच्या लक्षात येईपर्यंत कितीतरी पुस्तकं शिवून झाली होती. ती सगळी उसवावी लागली. एक मात्र पुढे सटकून कटिंगलाही गेलं होतं आणि तिथे ते असं तिरकं कापलं गेलं की पानांचे आकडेच उडाले. मिस्त्रीने ते तिच्या हातात आपटलं. "घे. तुझं लेकरू. घरी ने आणि सांभाळ."

तिने ते खरोखरच सांभाळलं. पुस्तक म्हणजे कुणा जुन्या तत्त्वज्ञाने आपल्या शिष्याला केलेला उपदेश. हजारो वर्षांपूर्वीचा माणूस, दाढीवाला असणार, असा आपला माझा अंदाज. वहिनीचं शिक्षण बेताचं, वाचनाची सवय नाही. तिने ते उघडलं ते उपदेशासाठी नाही, आपण कुठे माती खाल्ली ते शोधायला. शेजारचे दोन फर्मे अदलाबदल झाले की तीन ठिकाणी जोड चुकतो, हे तिला मिस्त्रीने सुनावलं होतं. आकडे उडालेले, त्यामुळे वाचल्याशिवाय कळायला मार्ग नव्हता. दोन जागा सापडल्या. एका ठिकाणी मैत्रीबद्दल बोलता बोलता म्हातारा एकदम घोड्यांवर गेला होता, दुसऱ्या ठिकाणी वाक्याचं शेपूट भलत्याच वाक्याला चिकटलं होतं. तिसरी जागा काही केल्या सापडेना. ती शोधायच्या नादात तिने पुस्तक इतक्यांदा वाचलं की तिला ते लागलंच.

मग ती हाताखालून जाईल ते वाचायला लागली. जुनी नाटकं, राजांच्या कथा, गुरुशिष्यांचे वाद. पण कारखान्यात वाचायचं म्हणजे हातात येईल तो फर्मा. त्यामुळे तिला राजा वनवासाला कसा गेला ते माहीत असायचं आणि परत आला की नाही ते माहीत नसायचं. मग ती ग्रंथालयात जाऊन शेवट वाचून यायची. "अर्धवट कुणाला सोडून यायला बरं वाटत नाही हो," म्हणायची. मला हे सगळं खूळ वाटायचं. भाजी निवडताना हजारो वर्षांपूर्वीच्या माणसाचं काय एवढं लागलंय?

त्या उलट्यापालट्या पुस्तकातलं एक वाक्य मात्र तिचं झालं होतं. घरात ते आम्हा सगळ्यांना पाठ होतं. 'भीती दाराशी आली, तर तिला आधी बसायला दे, मग नाव विचार, आणि काय निरोप आणलाय तो नीट ऐकून घे.'

तिच्या छातीत गाठ निघाली होती तेव्हा ते मी डोळ्यांनी पाहिलं. रिपोर्ट यायचा होता. दादा घरभर येरझारा घालत होता, मी डॉक्टरांना शिव्या घालत होते, आणि ही बाई स्वयंपाकघरात स्टुलावर शांत बसून समोरच्या रिकाम्या स्टुलाकडे बघत होती. मी विचारलं, काय चाललंय? म्हणाली, "मला वाटलं मरणाची भीती आलीये. विचारलं तर ती नव्हतीच. ह्यांना साधी खिचडी येत नाही, ती होती." आणि तिने रिपोर्ट येण्याआधी दादाला स्वयंपाक शिकवला. गाठ साधी निघाली. दादाच्या पोळ्या अजूनही नकाशासारख्या होतात, पण करतो.

आता मूळ गोष्टीवर येते.

दादा वायरमन आहे. डोंगराच्या पोटातून रस्त्यासाठी बोगदा खणत होते, तिथे दिवे आणि पंखे त्याच्याकडे. एका सकाळी तो आत असताना त्याच्या मागे बोगद्याचं छत बसलं. तो आणि त्याच्याबरोबरची काही माणसं पलीकडे, आम्ही अलीकडे, आणि मध्ये दगडमातीचा ढिगारा. नशीब एवढंच की जमिनीलगतचा एक पाण्याचा जुना पाइप ढिगाऱ्याखाली शाबूत राहिला होता; पलीकडे त्याचं तोंड वर वळून कमरेच्या उंचीला होतं. त्याच्यातून आत हवा सोडत होते, सुकामेवा ढकलत होते, आणि पंप थोडा वेळ बंद केला की बोलताही येत होतं. बोलताना तोंड लावायचं, ऐकताना कान. आवाज यायचा, पण विहिरीतून आल्यासारखा.

आम्ही पोचलो तेव्हा तिथे माणसांचा नुसता गोंधळ होता. जो तो दुसऱ्याला बाजूला हो म्हणत होता. मी माझा बसमधला आवाज लावला आणि वाट काढली. त्या आवाजाचा आयुष्यात तेवढा एकदाच खरा उपयोग झाला असेल. पुढे एक इंजिनिअर बाई होत्या, घसा बसलेल्या, कपड्यांवर चिखल वाळलेला. त्यांनी आम्हाला कागदावर रेघा ओढून दाखवलं. ढिगाऱ्यातून माणूस सरपटत येईल एवढा लोखंडी पाइप मशीनने ढकलत नेत होते. डाव्या भिंतीच्या कडेने, कारण तिकडे दगड कमी होते. "उद्यापर्यंत पोचू," त्या म्हणाल्या. खोटा धीर देणारी बाई वाटली नाही, म्हणून मी भांडले नाही.

पहिल्या दिवशी दादा बरा बोलत होता. वहिनीला म्हणाला, "अगं, इस्त्री बंद केलीस ना?" ती म्हणाली, "केली." तो म्हणाला, "मग इथे काय करतेस, कामावर जा." आजूबाजूचे हसले. मीही हसले. ती रात्र आम्ही तिथेच एका पत्र्याच्या शेडमध्ये काढली. वहिनी भिंतीला टेकून बसली होती. समोरची जागा तिने रिकामी ठेवली होती, हे मला दिसलं.

दुसऱ्या दिवशी चित्र पालटलं. आतल्या बॅटऱ्या संपल्या आणि मिट्ट काळोख झाला. दादाचा आवाज बदलला. शब्द तुटक, मध्येच श्वास, मध्येच उगाच हसू. इंजिनिअर बाई धावत आमच्याकडे आल्या. "ते निघतो म्हणतायत," त्या म्हणाल्या. ढिगाऱ्याच्या माथ्याशी एक फट होती. काल बॅटरीच्या उजेडात दादाने ती पाहून ठेवली होती. तो अंगाने सडपातळ, वायरी ओढायला नाही नाही त्या जागी शिरायची सवय. त्याला वाटत होतं, चाचपडत, सरपटत अलीकडे येऊ. "वरचा एक दगड हलला तरी सगळं खाली येईल," बाई म्हणाल्या. "त्यांच्यावर आणि बाकीच्यांवरही. मी सांगून दमले. माझं ऐकत नाहीत. तुम्ही थांबवा त्यांना."

वहिनी उठली. शेडच्या दाराशी तिथले डॉक्टर उभे होते. वयस्क, मऊ बोलणारे, कालपासून सगळ्यांची विचारपूस करत होते. आतल्या माणसांशी काय बोलायचं, काय नाही, ते तेच घरच्यांना सांगायचे. त्यांनी विचारलं, "काय सांगणार आहात त्यांना?" वहिनीने सांगितलं. पुस्तकाचं नाव सांगितलं आणि ते वाक्यही.

डॉक्टरांचा चेहरा जरासा खुलला. "ते पुस्तक माझ्याकडे कॉलेजपासून आहे," ते म्हणाले. मग घुटमळले. "पण त्यात असं नाहीये हो. ते वाक्य असं आहे: भीती दाराशी आली, तर तिला उंबरठ्याच्या आत येऊ देऊ नकोस, घर तुझं आहे. बसायला दे, नाव विचार, हे पुढे येतं, पण ते अनोळखी पाहुण्याबद्दल. वाटसरू दारात आला तर त्याच्याशी कसं वागावं, त्यातलं."

वहिनी त्यांच्याकडे बघत राहिली. ओठ हलले तेव्हा ती त्यांच्याशी नाही, स्वतःशीच बोलली.

"म्हणजे तिसरा जोड तिथे होता."

मला काही क्षण कळलंच नाही. मग कळलं. तिसऱ्या फर्म्याच्या शेवटाला 'तर तिला', आणि पाचव्याच्या सुरुवातीला 'आधी बसायला दे'. वाक्य इतकं गुळगुळीत जुळलं होतं की तिला ती जागा कधी सापडलीच नव्हती. ज्या वाक्यावर तिने आपली गाठ, आमच्या बाबांचं आजारपण, दादाचे बेकारीचे महिने, सगळं निभावून नेलं, ते कुणी लिहिलेलंच नव्हतं. ते तिच्याच हातून, जेवणाच्या सुट्टीनंतरच्या गडबडीत झालं होतं.

डॉक्टर वाईट माणूस नव्हे. पण तेव्हा मला त्यांची मानगूट धरावीशी वाटली. म्हटलं, "आत्ता सांगायचं होतं हे? आत्ता?" ते म्हणाले, "ताई, आत्ताच सांगायला हवं. घाबरलेल्या माणसाला काळोखात भीतीशी बोलत बसायला लावलं तर तो पुरता ढासळेल. एक ढासळला की आतले सगळे ढासळतील. तिला बाहेर ठेवायला सांगा. तो जुना माणूस बरोबर सांगून गेलाय." आणि खरं सांगायचं तर मला त्यांचंच पटलं. छापलेलं वाक्य एकीकडे आणि चुकून झालेलं दुसरीकडे. दादाच्या जिवाचा प्रश्न होता. मी वहिनीला म्हटलं, "डॉक्टर म्हणतात तेच सांग."

तिने मान डोलावली. तिचा चेहरा कागदासारखा झाला होता. पाइपापर्यंत जाताना तिने माझं मनगट धरलं, आणि तेव्हा मला कळलं की आता तिच्याकडे धरायला दुसरं काही उरलेलं नाही.

पंप बंद झाला. ती गुडघ्यांवर बसली, मी तिच्या गालाला गाल लावून बसले, म्हणून मला दोघांचंही ऐकू आलं.

"अहो."

"मी निघतोय." दादाचा आवाज. "मला इथे श्वास घेता येत नाहीये. निघतोय मी."

"निघू नका. ऐका. घाबरू नका. भीतीला आत येऊ देऊ नका. घर तुमचं आहे."

आतून हसण्याचा आवाज आला. तसं हसू मी माझ्या भावाच्या तोंडून कधी ऐकलं नव्हतं आणि पुन्हा ऐकायचं नाहीये.

"आत येऊ देऊ नको? अगं, ती आतच आहे. मी आत, ती आत, आणि दार बंद. माझ्या छातीवर बसलीये ती. कुठून बाहेर काढू? बाहेर आहे कुठे?"

इंजिनिअर बाई हाताने खुणावत होत्या, बोला, बोलत राहा. डॉक्टर तिच्या शेजारी वाकले आणि हळूच म्हणाले, "पुन्हा सांगा, ठामपणे." मागे मशीन पाइप ढकलत होतं, त्याचा घरघराट पायांखालून येत होता. आतून खडे घसरल्याचा आवाज आला. दादा उठून ढिगाऱ्यावर हात टाकत होता. मला रडू फुटलं. मी 'दादा' म्हणून किंचाळणार होते.

वहिनीने डोळे मिटले. मग पाइपाला तोंड लावून, घरात म्हणते तशा साध्या आवाजात म्हणाली, "बरं. आत आलीये ना? मग बसायला द्या तिला."

"काय?"

"छातीवर बसलीये ती उतरवा. शेजारी बसवा. तुम्हीही बसा. खाली. बसलात?"

डॉक्टरांनी तिच्या खांद्याकडे हात नेला. इंजिनिअर बाईंनी तो वरच्या वर धरला.

आतून खडे पुन्हा घसरले. मग, "बसलो."

"आता नाव विचारा."

"अगं, काय पोरखेळ लावलायस..."

"विचारा हो. माझ्यासाठी."

"काळोख," तो म्हणाला. "दुसरं काय असणार? काळोख आहे."

"नाही," वहिनी म्हणाली. "तुम्ही वायरमन आहात. जन्म काळोखात गेला तुमचा. काळोखाला तुम्ही भीत नाही. तिने खोटं नाव सांगितलं. पुन्हा विचारा."

वहिनीच्या गालाची शीर माझ्या गालाला उडताना लागत होती.

"पाणी," दादा म्हणाला.

"कसलं पाणी?"

"काही नाही. भास आहे. कालपासून वाटतंय."

"काय वाटतंय ते सांगा."

"आत शिरताना डाव्या हाताला येते त्या भिंतीत पाणी वाजतंय. आतमध्ये, दगडाच्या आत. काल टपटप होतं. आता वाहतंय असं वाटतं. मी कुणाला बोललो नाही. आधीच सगळे घाबरलेत, आणि मला तर काय काय ऐकू येतंय. मला वाटलं, डोकं फिरतंय माझं. डोकं पुरतं फिरायच्या आत निघावं."

"हात लावा भिंतीला."

थोड्या वेळाने, "ओली आहे. गार आहे. उजवी कोरडी आहे. डावी... अगं, डावी पाझरतेय."

वहिनीने कान काढला आणि वळून बघितलं. तिला काही सांगावं लागलं नाही. इंजिनिअर बाईंनी पाइपाशी वाकून शेवटचे शब्द ऐकले होते, आणि त्या मशीनच्या दिशेने धावतच सुटल्या होत्या. बसलेल्या घशाने त्या जे ओरडल्या ते मीसुद्धा बसमध्ये ओरडू शकले नसते. मशीन थांबलं. पायांखालची घरघर थांबली. डाव्या कडेने तो पाइप तसाच पुढे गेला असता तर दगडातल्या पाण्याला थेट आत वाट मिळाली असती. मला हे तेव्हा नाही कळलं, नंतर त्यांनीच समजावलं.

परत आल्या तेव्हा त्यांनी लपवाछपवी केली नाही. आता उजव्या बाजूने नव्याने सुरुवात करावी लागणार. तिकडे दगड मोठे. वेळ लागेल. किती, सांगता येत नाही. आत पाणी साचेल. किती, तेही सांगता येत नाही. "पण ती फट अजूनही तशीच आहे," त्या वहिनीला म्हणाल्या. "ते वर चढले तर माझ्या मते संपलं. हे माझं मत. देवाने लिहून दिलेलं नाही."

वहिनीने हे सगळं दादाला जसंच्या तसं सांगितलं. एक शब्दही गोड केला नाही. आवाज आता ओळखीचा येत होता, भ्यालेला, पण माझ्या भावाचा.

"मग तू सांग," तो म्हणाला. "निघू की थांबू? तू सांगशील ते करतो."

मी तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं. उत्तर द्यायला तिने वेळ घेतला नाही. म्हणाली, "थांबा."

"थांबतो," दादा म्हणाला. "बाकीच्यांनाही बसवतो."

पंप पुन्हा सुरू झाला. पुढचा सगळा वेळ मी कसा काढला ते मला सलग आठवत नाही. मशीन उजवीकडे घेतलं, एका मोठ्या दगडाशी अडलं, मागे घेतलं, पुन्हा लावलं. अधूनमधून पंप थांबवून वहिनी विचारायची, "पाणी कुठे?" "घोट्याला." नंतर "पोटरीला." एकदा "गुडघ्याला" म्हणाला आणि लगेच, "अगं, बसायला दिलं होतं, आता उभं राहावं लागतंय दोघांना," म्हणाला. वहिनी हसली. मी शेडमागे जाऊन ओकले. डॉक्टर माझ्या मागे पाणी घेऊन आले. म्हणाले, "मी चुकीचं सांगितलं नव्हतं, ताई. पुस्तकात तसंच आहे." मी म्हटलं, "माहीत आहे." भांडायचं त्राण नव्हतं, आणि भांडण्यासारखं काही उरलंही नव्हतं.

तिसऱ्या दिवशी तिन्हीसांजेला पाइप पलीकडे निघाला. एकेक जण बाहेर आला. दादा शेवटून दुसरा. चिखलाने बरबटलेला, डोळे मिटलेले, कमरेपर्यंत ओला. वहिनी पुढे झाली नाही. ती जिथे होती तिथेच उभी राहिली आणि तो स्ट्रेचरवरून तिच्यासमोरून गेला तेव्हा तिने फक्त त्याच्या पावलांना हात लावून ती गार आहेत का ते बघितलं.

हॉस्पिटलात त्याला सलाईन लावलं. तो लगेच झोपला. आम्ही दोघी बाहेरच्या बाकावर बसलो. येणारे जाणारे तिच्याकडे बघून नमस्कार करत होते. बातमी पसरली होती. मी अगदी फुलून गेले होते. म्हटलं, "वहिनी, तू वाचवलंस त्याला."

तिने माझ्याकडे असं बघितलं की मी दचकले. इतक्या वर्षांत ती माझ्यावर कधी चिडली नव्हती.

"तसं म्हणू नकोस," ती म्हणाली. वन्सं नाही, अहो नाही. "मला काय माहीत होतं? पाणी छातीपर्यंत आलं असतं तर? ती फट खरंच सुटायची वाट असती तर? मला डोंगरातलं काही कळत नाही. त्यांनी विचारलं आणि मी थांबा म्हणून मोकळी झाले."

"पण तो थांबला म्हणून तर..."

"तेच सांगतेय. लग्न झाल्यापासून तुझ्यापाशी रडगाणं गातेय ना मी, की हे माझं एक ऐकत नाहीत? त्यांनी ऐकलं नसतं, वर चढले असते आणि काही झालं असतं, तर मी रडले असते. आणि जगलेही असते." ती हातांकडे बघत होती. "पण ते ऐकत राहिले. पाणी चढत होतं आणि ते तिथे उभे होते, मी सांगितलं म्हणून. दर वेळी पाणी कुठे विचारताना मला वाटायचं, आता तरी म्हणतील, नाही ऐकत तुझं, निघालो मी."

मी तिचे हात धरले.

"सगळ्यांना वाटत होतं, ते ऐकतील की नाही याची मला भीती आहे," वहिनी म्हणाली. "ऐकतील, याचीच होती गं."

मग ती रडायला लागली.